थोर मल्ल कोणाला म्हणावे?

(द्वितीय वर्ष, कला)

‘जुने ते सोने’ ही म्हण ज्याने कोणी प्रथम काढली तो बहुधा कुस्तीचा शौकीन असावा. जुन्याचे जेवढे गोडवे कुस्तीच्या फडात गायले जातात तेवढे क्वचितच दुसरीकडे कुठे गायले जात असतील. नाटकाच्या रसिकाला नवा नट आवडतो, क्रिकेटच्या शौकिनाला नवा फलंदाज आवडतो. परंतु कुस्तीच्या शौकिनाला नवा मल्ल दाखवा, तो मान हलवून म्हणेल, “आता कसले पैलवान राहिलेत? पैलवान होते ते आमच्या वेळी!”

आम्ही साकीनाक्याला राहतो. खैरानी रोडच्या दोन्ही बाजूंच्या गाळ्यांतून सातारा-सांगली-कोल्हापूरकडची माणसे काम करतात, तशीच जौनपूर-आझमगढकडचीही करतात. दोन्हीकडच्या माणसांना कुस्तीचे वेड. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत एकाने गामाचे नाव काढले की दुसरा आंदळकरांचे काढतो, तिसरा सतपालचे काढतो. हल्लीची पोरे मोबाईलवर जुन्या लढती पाहतात, म्हणून त्यांच्या तोंडी महंमद अली आणि माइक टायसन. अली आणि टायसन एकाच वयात समोरासमोर आले असते तर? गामा आणि दादू चौगुले यांची जोड लागली असती तर? या वादाला अंत नाही. भोंगा वाजतो आणि वाद तेवढ्यापुरता थांबतो इतकेच.

पुष्कळांना हा वाद पोरकट वाटेल. मला तो तसा वाटत नाही. दोन काळांतल्या माणसांची तुलना करायची तर कोणत्या मापाने करायची, असा एक गंभीर प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे, आणि त्या प्रश्नाशी आपल्या सर्वांचा संबंध आहे. म्हणून त्याचा थोडा विचार करावा असे ठरवले.

प्रथम मुष्टियुद्धाचे उदाहरण घेऊ. त्यात नोंदी नीट ठेवलेल्या असतात आणि जगाने त्यावर भरपूर वाद घातला आहे. अमेरिकेत १९६७ साली एका गृहस्थाने निरनिराळ्या काळांतल्या हेवीवेट विजेत्यांची माहिती संगणकात घातली आणि त्यांच्या काल्पनिक लढती रेडिओवरून ऐकवल्या. त्या स्पर्धेत रॉकी मार्सियानो अजिंक्य ठरला आणि महंमद अली जुन्या काळच्या जिम जेफ्रीजकडून हरला. अली त्या वेळी हयात होता, तरुण होता आणि खऱ्या रिंगणात अपराजित होता. त्याने चक्क दहा लाख डॉलर्सचा दावा ठोकला! पुढे तडजोड होऊन १९६९ साली अली आणि निवृत्त मार्सियानो या दोघांना एका स्टुडिओत उभे करून त्यांच्या लुटुपुटुच्या लढतीचे चित्रण करण्यात आले. शेवट मात्र एकच न घेता वेगवेगळे घेतले होते. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत ती लढत दाखवली गेली, तीत तेराव्या फेरीत मार्सियानोने अलीला लोळवले. तो शेवट पाहायला मार्सियानो मात्र या जगात नव्हता. ऑगस्ट १९६९ मध्येच विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला होता.

या हकिगतीतून एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्राला आपण जे देतो तेच यंत्र आपल्याला परत देते. ज्या माणसाने आकडे भरले त्याच्या मनात कोणाचा काळ मोठा होता, हेच त्या यंत्राने सांगितले असावे. जेवणाच्या सुट्टीतला आमचा वाद आणि त्या संगणकाचा निकाल यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

आता आकडेच पाहायचे म्हटले तर काय दिसते? मार्सियानो ४९ लढती लढला आणि ४९ जिंकून १९५६ साली निवृत्त झाला. पण त्याचे वजन ८४-८५ किलोंच्या आसपास. आजच्या नियमांनी तो हेवीवेटमध्ये धरलाही गेला नसता, कारण आता ९० किलोंपर्यंतच्या योद्ध्यांसाठी क्रूझरवेट नावाचा वेगळा गट आहे. जो लुईने १९३७ पासून १९४९ पर्यंत किताब राखला आणि २५ वेळा त्याचे रक्षण केले. त्यातली ऐन उमेदीची काही वर्षे महायुद्धात लष्करी गणवेशात गेली. अलीने व्हिएतनामच्या युद्धावर जायला नकार दिला म्हणून १९६७ साली त्याचा किताब काढून घेण्यात आला. पंचवीस वर्षांचा तो जवान साडेतीन वर्षे रिंगणाबाहेर बसला. त्या साडेतीन वर्षांतला अली कसा असता, हे कोणत्या तक्त्यात लिहिणार?

नियमही बदलत गेले. जॅक जॉन्सनने १९१५ साली हवानात किताब गमावला तो सव्विसाव्या फेरीत! पुढे पंधरा फेऱ्यांची मर्यादा रूढ झाली. १९८२ मध्ये किम दुक-कू हा कोरियन योद्धा लढतीनंतर मरण पावला आणि हळूहळू बारा फेऱ्या झाल्या. सव्वीस फेऱ्या उन्हात उभा राहणारा माणूस आणि बारा फेऱ्यांत वेगाने सर्व शक्ती ओतणारा माणूस, या दोघांचा कस वेगवेगळा आहे. एकाला दुसऱ्याच्या मापाने मोजणे म्हणजे किलोने कापड मोजण्यासारखे आहे.

हीच गोष्ट आपल्या कुस्तीत अधिक ठळकपणे दिसते. आपली जुनी कुस्ती मातीतली. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली तांबडी माती, भोवती माणसांचा कडा, हलगीचा कडकडाट, आणि निकाल लागेपर्यंत चालणारी झुंज. पाठ लागली की कुस्ती संपली, नाही लागली तर तासभरही चालली. आजची कुस्ती गादीवरची. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी मिळाली की चितपट न करताही कुस्ती संपते. २०२० च्या जानेवारीत पुण्याला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत हर्षवर्धन सदगीर यांनी शैलेश शेळके यांच्यावर ३-२ अशी जिंकली. दोघेही काका पवार यांचेच पठ्ठे. जिंकल्यावर सदगीर यांनी हरलेल्या सहकाऱ्याला खांद्यावर उचलून घेतले. जुनी मंडळी म्हणतात, “तीनास दोन ही काय कुस्ती? पाठ कुठे लागली?” त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण सहा मिनिटांत एका गुणाची चूक महागात पडते, तिथे डोके किती थंड ठेवावे लागत असेल! मातीत दम लागला तर वेळ काढता येते, गादीवर वेळ काढणाऱ्याला पंच ताकीद देतो.

गामाचेच पाहा. १९१० साली तो लंडनला गेला. उंची बेताची, म्हणून प्रथम त्याला कोणी विचारीना. १० सप्टेंबर १९१० रोजी पोलंडच्या झ्बिस्कोशी त्याची गाठ पडली, तेव्हा झ्बिस्को पोटावर पडून राहिला आणि अडीच तासांहून अधिक वेळ गामाला त्याची पाठ लावता आली नाही. पुन्हा लढायच्या दिवशी झ्बिस्को आलाच नाही. पुढे १९२८ साली पतियाळाला हीच जोड पुन्हा लागली आणि गामाने एका मिनिटाच्या आत त्याला चितपट केले. तेच दोन मल्ल, पण एकदा गादीवर अडीच तासांत निकाल नाही आणि एकदा आपल्या मातीवर मिनिटभरात निकाल! दोघांची वयेही मधल्या काळात वाढली होती हे खरे. तरीही जमीन, नियम आणि काळ यांचा निकालावर केवढा परिणाम होतो, हे सांगायला याहून बोलके उदाहरण मिळणार नाही.

इथे आणखी एका गोष्टीचा विचार व्हायला हवा. तो आमच्या वादात सहसा कोणी करीत नाही. कोण कोणाशी लढला हे आपण मोजतो. कोण कोणाशी लढूच शकला नाही, हे मोजत नाही. १९१० हे साल मला त्या दृष्टीने फार महत्त्वाचे वाटते. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेत जॅक जॉन्सन या कृष्णवर्णी विजेत्याला हरवण्यासाठी निवृत्त जेफ्रीजला मुद्दाम परत आणण्यात आले. जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत हरवले, तर देशभर दंगली झाल्या. आणि दोनच महिन्यांनी लंडनमध्ये एक हिंदी मल्ल गोऱ्या मल्लांना आव्हान देत फिरत होता. अमेरिकेचा विजेता फ्रँक गॉच याच्याशी गामाची लढत कधीच झाली नाही. पुढे जॅक डेम्प्सी विजेता असताना हॅरी विल्स हा काळा योद्धा वर्षानुवर्षे ताटकळत राहिला, त्यांचीही लढत झाली नाही. मग ज्या काळात निम्म्या लोकांना दारातच अडवले जात होते, त्या काळचा ‘अजिंक्य’ हा शब्द किती किलोचा धरायचा?

आपल्याकडे तरी काय? पुरुषांच्या महाराष्ट्र केसरीची सुरुवात १९६१ साली झाली आणि पहिला मान सांगलीच्या दिनकर दह्यारींना मिळाला. महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरायला २०२३ साल उजाडावे लागले. ती सांगलीत भरली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली. मधली बासष्ट वर्षे महाराष्ट्रात ताकदीच्या मुली जन्मालाच आल्या नाहीत असे कोणी म्हणेल काय?

मुलगा असूनही सर्वांना तालीम परवडत होती असे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना आश्रय दिला आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले, म्हणून कोल्हापूर कुस्तीची पंढरी झाली. ज्या गावाला राजा नव्हता तिथे खुराकाचा प्रश्न होता. दूध, तूप, बदाम ही नावे आजोबांच्या गोष्टींत ऐकायला गोड वाटतात. माझे आजोबा आटपाडी तालुक्यातले. लहानपणी रेवड्यांवर आणि पुढे नारळावर त्यांनी जत्रांतून कुस्त्या केल्या. एकेरी पट काढण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता असे गावातली मंडळी अजून सांगतात. १९७२ चा दुष्काळ पडला. घरची जनावरे गेली, दूध गेले, आणि बावीस वर्षांचा तो पैलवान मुंबईला येऊन माल चढवण्या-उतरवण्याच्या कामाला लागला. ते हिंदकेसरी झाले असते असे मी मुळीच म्हणत नाही. म्हणायचे आहे ते एवढेच की, तसे झाले असते की नसते हे ठरवण्याची वेळच त्यांच्यावर आली नाही. अशी माणसे प्रत्येक काळात असतात आणि ती कोणत्याच यादीत नसतात. थोर मल्लांची यादी वाचताना त्यांची आठवण ठेवली तर यादीतल्या माणसांची थोरवी कमी होत नाही. आपला गर्व मात्र थोडा कमी होतो.

आता वजनाविषयी. आपण थोर मल्ल म्हटले की डोळ्यांसमोर आडदांड माणूस आणतो. मानाची गदा जड गटालाच मिळते. आज महाराष्ट्र केसरी किताबाचा गट ८६ ते १२५ किलोंचा आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव या गटाच्या दारातही उभे राहिले नसते. ते १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीला बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोंत, त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना हेलसिंकीला जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले होते. कुस्तीत दुसरे ऑलिंपिक पदक यायला पुढे २००८ साल उजाडावे लागले. छप्पन्न वर्षे! तरीही आमच्या जेवणाच्या सुट्टीतल्या वादात खाशाबांचे नाव शेवटी येते, कारण ते ‘हलके’ होते. आपल्या शेजारच्या जोगेश्वरीत वाढलेला, दूध विकणाऱ्याचा मुलगा नरसिंग यादव २०११ ते २०१३ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, आणि जागतिक स्पर्धेतले २०१५ चे कांस्यपदक त्याने मिळवले ते ७४ किलोंत. मुष्टियुद्धातही मे २०२४ मध्ये क्रूझरवेटमधून वर आलेल्या उसिकने आपल्याहून कितीतरी उंच आणि जड अशा टायसन फ्युरीला हरवले. तात्पर्य, वजन हा गट ठरवण्याचा काटा आहे, थोरवी ठरवण्याचा नव्हे.

“मग तुझे मत काय? सगळेच थोर म्हणून मोकळा होणार का?” असे कोणी विचारील. तसे करणे म्हणजे पळवाट काढणे होईल. म्हणून मी माझी कसोटी सांगतो. पहिली गोष्ट, त्या मल्लाने आपल्या काळातल्या उत्तमातल्या उत्तम मल्लांशी हात मिळवला का? दुसरी, ज्या जमिनीवर आणि ज्या नियमांत तो वाढला, ते सोडून परक्या जमिनीवर तो उभा राहिला का? आणि तिसरी, त्याच्यामागे त्याने काही ठेवले का?

या कसोटीवर जड गटातल्या महाराष्ट्रीय मल्लांत मी गणपतराव आंदळकरांना पहिले स्थान देईन. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचा हा मल्ल १९६० साली हिंदकेसरी झाला, म्हणजे मातीची परीक्षा उत्तीर्ण झाली. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी हेवीवेट गटात ग्रीको-रोमनचे सुवर्ण आणि फ्रीस्टाइलचे रौप्य मिळवले. ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली हात लावायचा नसतो. म्हणजे पट नाही, पायाला टांग नाही. मातीतल्या पैलवानाची अर्धी विद्याच काढून घेतल्यासारखे झाले, आणि नेमके त्याच प्रकारात त्यांनी सुवर्ण आणले! १९६४ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून त्यांनी पिढी घडवली. दादू चौगुले त्याच तालमीचे.

यावर कोणी म्हणेल, त्याच जाकार्तात मारुती माने यांनी फ्रीस्टाइलचे सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचे रौप्य मिळवले, १९६४ साली तेही हिंदकेसरी झाले, मग ते कमी कसे? कोणी म्हणेल, पहिले हिंदकेसरी तर १९५९ साली एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे, वाट त्यांनी पाडली. कोणी हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७७ साली बेळगावला सतपालवर मिळवलेल्या विजयाचे नाव घेईल, तर कोणी १९७० आणि १९७१ असे लागोपाठ महाराष्ट्र केसरी झालेल्या व १९७४ साली राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवणाऱ्या दादू चौगुल्यांचे. यांतले एकही नाव मला खोडायचे नाही. माने आणि आंदळकर यांत तर केसाएवढाच फरक आहे. तो मी परक्या प्रकारातल्या सुवर्णासाठी आणि मोतीबागेतल्या वस्तादकीसाठी आंदळकरांच्या बाजूला टाकतो. दुसऱ्याने दुसऱ्या बाजूला टाकावा. मात्र टाकताना माप कोणते वापरले ते सांगावे. माप न सांगता नुसते नाव ओरडणे याला मत म्हणत नाहीत.

शेवटी, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. मल्लांच्या बाबतीत आपण जी घाई करतो तीच घरात आणि महाविद्यालयातही करतो. आमचे काही प्राध्यापक कळकळीने म्हणतात की, पूर्वीचे विद्यार्थी ग्रंथालयात तळ ठोकून बसत, आताच्यांना वाचनच नको. त्यांची कळकळ खोटी नाही. पण पूर्वीच्या त्या वर्गात कोणाची मुले होती आणि आजच्या वर्गात कोणाची आहेत, हेही पाहायला हवे. आज माझ्या बाकावर बसणाऱ्यांत रिक्षावाल्याचा मुलगा आहे, घरकाम करणाऱ्या बाईंची मुलगी आहे, आणि त्या दोघांच्या घरात याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. संध्याकाळी कामावर जाऊन ते सकाळी तासाला येतात. तुलना करायची तर मैदानात किती जण उतरू शकले तेही मोजले पाहिजे.

आणि याच्या उलट चूकही होते. नातेवाईक वडिलांना म्हणतात, “तुमचा मुलगा तुमच्या पुढे गेला.” माझे वडील सातवी शिकले आणि लेथवर काम करतात. कागदावरचे ड्रॉइंग पाहून जॉब कसा धरायचा, कुठे किती कापायचे हे त्यांना कोणी शाळेत शिकवले नाही. मायक्रोमीटरवर केसापेक्षा बारीक फरक ते बोटांनी ओळखतात. मी बी. ए. झालो म्हणजे त्यांच्या पुढे गेलो, हा निकाल मला मान्य नाही. ते मातीत लढले, मी गादीवर लढतो आहे. त्यांच्या मातीत मी किती वेळ टिकलो असतो, याची मला शंका आहे.

म्हणून माझ्या सहाध्यायांना एवढेच सुचवावेसे वाटते. वाद जरूर घाला. अली की टायसन, गामा की आंदळकर, खुशाल विचारा. परंतु त्या माणसाला कोणती जमीन मिळाली, कोणते नियम मिळाले, काय खायला मिळाले आणि कोणाशी लढू दिले गेले, हे चार प्रश्न आधी विचारा. आणि पुढच्या वेळी कोणी “आमच्या वेळी” असे म्हटले, तर हसू नका. त्या वेळी काय होते ते त्यांना नीट विचारा आणि जमल्यास लिहून ठेवा. आमच्या आजोबांच्या कुस्त्या कोणी लिहून ठेवल्या नाहीत. त्या मी आता एका वहीत लिहायला घेतल्या आहेत. सतरा झाल्या, अजून पुष्कळ बाकी आहेत.